माडाचा हट्ट सोड, छोटा पाम लाव

अगं, इंग्लंडात स्वतःचं घर झालं, मागे हातभर का होईना बाग मिळाली, की आपल्या बायकांच्या मनात पहिला विचार येतो तुळशीचा आणि दुसरा झावळ्यांच्या झाडाचा. तुझंही तेच चाललंय, मला ठाऊक आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघताना बाहेर काहीतरी डोलताना दिसावं, एवढंच तुझं मागणं. मग कुणी सांगतं, इथे पाम जगतच नाहीत. कुणी सांगतं, वाट्टेल तो लाव, हिवाळ्यात गुंडाळून ठेवलास की झालं. दोघांचंही ऐकू नकोस. या देशात पाम उघड्यावर, जमिनीत, बारा महिने जगतात आणि छान जगतात. फक्त कुठला लावायचा, कुठे आणि कधी, या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्या आज तुला मोकळेपणाने सांगते. चहा घे आणि बस.

आधी माडाचं बोलू, म्हणजे तो विषय संपेल. नारळाला वर्षभर ऊब लागते. इथल्या ऑक्टोबरातच तो खंगायला लागतो, आणि एका चांगल्या फ्रॉस्टमध्ये त्याचा गाभा मरतो. त्याला कितीही गुंडाळलंस तरी उपयोग नाही. गार्डन सेंटरमध्ये कोंब आलेला नारळ कुंडीत घालून विकायला ठेवलेला असतो. तो घरातला पाहुणा, बागेतला नव्हे. तिथेच ‘अरेका पाम’ म्हणून जे हिरवंगार झुडूप मिळतं, ते आपली पोफळ नाही. ते मादागास्करचं झाड आहे, आणि तेही घरातच ठेवायचं. आणि हो, गावाहून बॅगेतून रोप आणायचा बेत असेल तर तोही सोड. भारतातून इथे लागवडीची रोपं आणायला वनस्पती आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावर रोप काढून घेतात. यात त्रास देण्याचा हेतू नसतो. रोपाबरोबर येणारी कीड इथल्या बागांचं केवढं नुकसान करते, ते पुढे सांगतेच.

आता चांगली बातमी. माड, पोफळ, ताड, भेरली माड, आणि जिच्या पानांची केरसुणी आपण लक्ष्मीपूजनाला पुजतो ती शिंदी, ही सगळी मंडळी एकाच कुळातली. हे कूळ आपण समजतो त्यापेक्षा फार मोठं आहे आणि त्यातली काही घराणी डोंगरातली आहेत. आपल्याच देशात, उत्तराखंडातल्या पिथोरागढजवळच्या डोंगरांत, दोन हजार मीटरच्या वर, ओकच्या जंगलात एक पाम रानटी उगवतो. ट्रॅकिकार्पस ताकिल त्याचं नाव. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतं आणि ते अंगावर घेऊन तो उभा असतो. त्याचे चुलत भाऊ चीनच्या डोंगरांत आहेत. तुला हवा आहे तो पाम या घराण्यात मिळेल.

दुकानात गेलीस की पहिल्यांदा पाटीवरचा आकडा बघशील. ‘उणे १० पर्यंत टिकतो’, ‘उणे १८ पर्यंत टिकतो’ असं लिहिलेलं असतं. मग साहजिकच वाटतं, जास्त थंडी सोसणारा घ्यावा. इथेच बहुतेक जणी फसतात. तुला दोन प्रश्न विचारायला हवेत. हा पाम ओली थंडी सोसतो का? आणि गार उन्हाळ्यात वाढतो का? अमेरिकेच्या आग्नेय भागात नीडल पाम नावाचा ठेंगणा पाम आहे. थंडी सोसण्यात सगळ्या पामांत त्याचा वरचा नंबर. उणे २० च्या खालीही तो जगल्याची उदाहरणं आहेत. पण त्याच्या गावी उन्हाळा आपल्या नागपूरच्या जातीचा, तापलेला आणि लांबलचक. त्या उन्हात तो पुढच्या हिवाळ्याची शिदोरी साठवतो. इथल्या वीस-बावीस अंशांच्या जुलैमध्ये तो वर्षाला जेमतेम एखादं-दुसरं पान काढतो, आणि हिवाळ्यात पानं करपली की ती भरून काढायची ताकदच त्याच्यात उरत नाही. सेबल मायनर नावाच्या ठेंगण्या पामाचंही तेच. आकडा खरा असतो, पण तो तिकडच्या उन्हाळ्याच्या बळावर मिळवलेला असतो. म्हणून थंड उन्हाळ्यातही निवांत वाढणारा पाम निवड. असे तीन-चारच आहेत, आणि तुला तेवढे पुरेत.

पहिला चुसान पाम, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. चीनच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या चुसान बेटावर, आजच्या झौशानवर, रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने तो पाहिला आणि १८४९ मध्ये त्याची रोपं लंडनच्या क्यू बागेत पाठवली. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं आणि बिया हिमालयाच्या पायथ्याशी पोचवणारा तो हाच फॉर्च्युन. त्याच्या रोपांपैकी आइल ऑफ वाइटवरच्या ऑसबॉर्न हाउसमध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या बागेतही एक गेलं. म्हणजे पावणेदोनशे वर्षं हा पाम या देशाच्या पावसाथंडीत उघड्यावर आहे. कुणी म्हणालं, इथे पाम जगत नाहीत, तर एवढं त्यांना शांतपणे सांग. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने झाडांना थंडीचे दर्जे दिलेत. त्यात याचा दर्जा एच ५, म्हणजे उणे १० ते उणे १५ अंश सोसणारा.

याचं खोड जवळून बघ. पानांच्या देठांच्या तळाशी तपकिरी, राठ काथ्या असतो आणि तो खोडाभोवती थरावर थर गुंडाळलेला असतो. चीनमध्ये शेतकरी याच काथ्याचे दोर वळत, झाडू बांधत आणि भातशेतात पावसात अंगावर घ्यायची घोंगती करत, कोकणातल्या इरल्यासारखी. काही हौशी लोक खोड गुळगुळीत दिसावं म्हणून हा काथ्या सोलून काढतात. तू तसं करू नकोस. ते त्या झाडाचं थंडीचं पांघरूण आहे.

चुसान पाम सावकाश वाढतो, पण शेवटी उंच होतो. बाग छोटी असेल, किंवा वारं फार असेल, तर त्याचा धाकटा भाऊ घे. ट्रॅकिकार्पस वॅग्नेरिआनस, लाडाने इथले लोक त्याला वॅगी म्हणतात. हा एकोणिसाव्या शतकात जपानमधल्या बागांतून युरोपात आला; रानात तो कुठेच सापडलेला नाही. चुसान पामाची पानं मोठी, टोकाला लोंबणारी, वाऱ्याने फाटून चिंध्या होणारी. वॅगीचं पान त्याच्या निम्म्याएवढं, जाड, ताठ, आणि कडेला बारीक पांढरी लव. वाऱ्यात ते नुसतं थरथरतं, फाटत नाही. थंडी तो चुसानइतकीच सोसतो. मला विचारशील तर इंग्लंडातल्या छोट्या बागेसाठी याच्यापेक्षा चांगला पाम नाही.

तिसरा कॅमेरॉप्स ह्युमिलिस, भूमध्य समुद्राच्या काठचा. हा खरा बुटका. एका खोडाऐवजी बुंध्यापासून पुष्कळ फुटवे येतात आणि गोल झुडूप होतं. इथे तो माणसाच्या उंचीच्या थोडा वर गेला तरी पुष्कळ. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेला एक कॅमेरॉप्स अजून जिवंत आहे. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये तो बघून गेला, आणि वनस्पतींच्या रूपांतराविषयीचे त्याचे विचार तिथे आकाराला आले, म्हणून त्याला गटेचा पाम म्हणतात. याचा दर्जा एच ४, म्हणजे उणे ५ ते उणे १०. एक लक्षात ठेव, याच्या देठांना टोकदार काटे असतात. घरात लहान मूल असेल तर पायवाटेच्या कडेला लावू नकोस. मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरातला याचा निळसर-रुपेरी प्रकार फार देखणा आहे, पण वाढायला आणखी सावकाश आणि किमतीला चढा.

तुझी बाग उत्तरेकडे तोंड करून असेल, ऊन फारसं येत नसेल, तर मेक्सिकोतला कॅमेडोरिया रॅडिकॅलिस बघ. तो जंगलात मोठ्या झाडांखाली वाढतो, त्याला सावलीच आवडते. पण शहरात, भिंतीच्या आडोशालाच. उणे पाचच्या आसपास त्याला पांघरूण लागतं.

आणि पाम नसलेल्या पामांचंही सांगून ठेवते. टॉर्कीच्या किनाऱ्यावर आणि स्कॉटलंडच्या प्लॉक्टन गावात जी ‘पामची झाडं’ बघून आपण फोटो काढतो, ती कॉर्डिलाइन आहेत, न्यूझीलंडची. दिसायला सुंदर, किनाऱ्यावर सुखी, पण पामाच्या कुळातली नाहीत आणि थंडीलाही तेवढी खंबीर नाहीत. २०१० चा डिसेंबर ब्रिटनमध्ये शंभर वर्षांतला सगळ्यात थंड डिसेंबर ठरला, तेव्हा देशभर कॉर्डिलाइन मरून पडल्या; कितीतरी चुसान पाम मात्र त्यातून तगले. सायकसही पाम नाही, आणि इथला ओला हिवाळा त्याला उघड्यावर झेपत नाही.

आता खरेदी. अगं, मोठ्या खोडाच्या तयार झाडाचा मोह टाळ. ती बहुतेक दक्षिण युरोपातल्या उबदार रोपवाटिकांत वाढलेली असतात, मुळं छाटून इथे आणलेली असतात, आणि पहिले काही हिवाळे त्यांना जड जातात. तीन-पाच लिटरच्या कुंडीतलं, चांगली मुळं धरलेलं छोटं रोप घे. ते लवकर रुळतं आणि खिशालाही परवडतं. घेताना गाभा दाबून बघ, टणक लागला पाहिजे. पानं उलगडून बघ. एखाद्या पानावर अर्धगोलात ओळीने भोकं दिसली, खोडाजवळ लाकडाच्या भुशासारखा चुरा दिसला, तर ते रोप तिथेच ठेव आणि दुकानदाराच्या कानावर घाल. दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या पतंगाची अळी पामाचा गाभा आतून पोखरते; तिने भूमध्य किनाऱ्यावरचे पाम मोठ्या प्रमाणात मारलेत, आणि आयात केलेल्या झाडांतून ती ब्रिटनमध्येही सापडली आहे. मघाशी प्रमाणपत्राचं म्हटलं ना, ते याचसाठी. रोपाचा प्लँट पासपोर्ट असतो, तोही बघून घे.

जागा निवडताना फ्रॉस्टच्या दिवशी सकाळी आठला खिडकीशी उभी राहा आणि बागेत पांढरं कुठे जास्त वेळ राहतं ते बघ. गार हवा जड असते, ती उताराने वाहत खाली येते आणि कुंपणाशी साचते. त्या खोलगट कोपऱ्यात पाम नको. घराच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीपासून मीटरभर अंतरावरची जागा उत्तम. विटा दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात, वाऱ्याला आडोसा होतो, आणि छपराच्या वळचणीमुळे हिवाळ्यातला पाऊसही जरा कमी लागतो. मुळं पाया उखडतील म्हणून घाबरू नकोस. पामाची मुळं दोरीएवढीच राहतात, इतर झाडांच्या मुळांप्रमाणे वर्षागणिक जाड होत जात नाहीत.

लावायचा महिना मे, फार तर जुलैच्या सुरुवातीपर्यंत. इथे लोक ऑक्टोबरात झाडं लावतात, गुलाबाला आणि सफरचंदाला ते चालतं. पामाला चालत नाही. पामाची मुळं माती उबदार झाली की हलतात. शरदात लावलेला पाम मुळं न फुटताच सहा महिने गार चिखलात बसतो, आणि तिथेच सडतो.

आणि आता कोकणातली सवय इथे उलटी करायची. आपण माडाला खोल खड्डा घेतो, भोवती आळं करतो, पाणी थांबावं म्हणून. इथे पाणी थांबू नये म्हणून सगळा खटाटोप. बऱ्याच बागांत चिकणमाती असते. तिच्यात खड्डा खणून मऊ कंपोस्ट भरलंस, तर आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि मुळं डबक्यात बसतात. त्यापेक्षा जागा रुंद खण, तीच माती फोडून तिच्यात जाडसर ग्रिट मिसळ, आणि वीतभर उंचवटा करून त्यावर रोप बसव. कुंडीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल, त्याहून एक बोटही खाली नको. गाभ्यात माती गेली की कुजलंच. नारळाच्या खड्ड्यात आपल्याकडे मीठ घालतात, ते इथे चिमूटभरही नको.

पहिले दोन उन्हाळे पाण्याचा हात आखडता घेऊ नकोस. चुसान आणि वॅगी मूळचे पावसाळी डोंगरांच्या घराण्यातले. मे ते ऑगस्ट त्यांना आठवड्यातून दोनदा तरी मुरेल असं पाणी हवं, कोरड्या आठवड्यात जास्त. कॅमेरॉप्स मात्र रुळल्यावर उन्हाळी कोरड सहज काढतो. एप्रिलात कुजलेलं शेणखत किंवा हळूहळू विरघळणारं खत बुंध्यापासून थोडं दूर पसर, जूनमध्ये पुन्हा एकदा. ऑगस्टनंतर खत बंद. शरदात फुटलेली कोवळी पालवी थंडीला सगळ्यात आधी बळी पडते. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील आणि वरची हिरवी असतील, तर बहुधा झाडाला खत कमी पडतंय. मॅग्नेशियम असलेलं खत दिलं की पुढची पानं सुधारतात.

आता हिवाळा. याची तुला सगळ्यात जास्त धास्ती आहे, म्हणून नीट सांगते. पामाला शेंडा एकच. आंब्याची फांदी मोडली तर बाजूने फुटवा येतो. चुसानचा किंवा वॅगीचा गाभा तळापर्यंत कुजला तर झाड गेलं. कॅमेरॉप्सला फुटवे असतात म्हणून तो एखाद्या शेंड्याचं नुकसान पचवतो. त्यामुळे हिवाळ्यातली सगळी निगा त्या मधल्या मूठभर गाभ्याची. थंडी एकटी त्याला क्वचित मारते. आठवडाभर पाऊस पडतो, गाभ्यात पाणी साचतं, रात्रीत ते गोठतं, पेशी फुटतात, आणि मग वितळल्यावर त्या जखमेत बुरशी शिरते. मारते ती ही साखळी. तिची पहिली कडी पाणी आहे, तेवढी तोडलीस तरी अर्धं काम झालं.

म्हणून नोव्हेंबरात बुंध्याभोवती सालीच्या तुकड्यांचं जाड आच्छादन घाल, पण खोडाला टेकवू नकोस. रुळलेल्या चुसानला आणि वॅगीला दक्षिण इंग्लंडात एरवी काहीच करावं लागत नाही. उणे आठ-दहाचा अंदाज असेल तरच पानं वर गोळा करून सैलसर बांध, गाभ्यावर कोरडा पेंढा ठेव, आणि बागकामाचं पांढरं फ्लीस दोन पदरी गुंडाळ. नवं रोप असेल तर पहिल्या हिवाळ्यात उणे तीनलाच हे कर. कॅमेरॉप्सला उणे पाचला. प्लॅस्टिक कधीच वापरू नकोस. त्यात घाम साचतो. आणि थंडीची लाट सरली, दिवसा पारा शून्याच्या वर आला, की लगेच सोड. नोव्हेंबरात गुंडाळून मार्चमध्ये उघडलेला पाम आतून हमखास कुजलेला निघतो. माया म्हणून केलेलं हे पांघरूणच त्याचा जीव घेतं, आणि मग आपण दोष थंडीला देतो. बर्फ पडलं तर हाताने हलकेच झटक, ओल्या बर्फाच्या वजनाने देठ मोडतात.

फेब्रुवारीच्या शेवटी एक तपासणी कर. गाभ्यात मधोमध, अजून न उलगडलेला कोंब उभा असतो. तो अंगठा आणि दोन बोटांत धर आणि हलकेच वर ओढ. निरोगी कोंब जागचा हलत नाही. कुजला असेल तर सुळकन हातात येतो. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत असतं आणि वास आंबूस येतो. माडाचा कोंब कुजतो तसाच हा प्रकार. असं झालं तरी झाड उपटू नकोस. हाताला लागेल तेवढा मऊ भाग काढून टाक, गाभ्यावर पाऊस पडणार नाही असं काहीतरी आडोसा म्हणून बांध, वारा मात्र लागू दे, आणि कोरडं राहू दे. अनेक पामप्रेमी औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड गाभ्यात ओततात. फेस येऊन थांबला की ते वाहून जाऊ देतात. त्यानंतर वाट बघायची. जूनमध्ये, कधी ऑगस्टमध्ये, वेडंवाकडं, अर्धवट पान वर येतं. ते आलं की झाड वाचलं समज. पुढची पानं नीट येतील.

वसंतात पानांवर तपकिरी पट्टे दिसले तर घाबरून कात्री घेऊ नकोस. जूनमध्ये उलगडणारं पान हिवाळ्यात गाभ्यात घडत असतं, त्यावेळचा मार आता दिसतो. पूर्ण वाळलेलं पानच काप. अर्धं हिरवं असेल तरी राहू दे. इथल्या मंद उन्हात झाडाला प्रत्येक हिरवा तुकडा हवा असतो. माळी बोलावलास आणि तो ‘साफ’ करण्यासाठी वरची चार-पाच पानं सोडून सगळी उडवायला निघाला, तर त्याला थांबव.

बाग नसेल, नुसता पॅटिओ असेल, तर कुंडीतही होतं. पण कुंडीतली मुळं चारी बाजूंनी गारठतात, आणि मुळं पानांपेक्षा नाजूक असतात. म्हणून कुंडी जड आणि मोठी घे, खाली विटा ठेवून भोकं मोकळी ठेव, आणि कडाक्याच्या आठवड्यात कुंडीलाच गोणपाट किंवा बबल रॅप गुंडाळ. बबल रॅप फक्त कुंडीला, झाडाला नव्हे. भिंतीशी सरकवून ठेवलीस तर उत्तम. कॅमेरॉप्स कुंडीत सगळ्यात सुखी राहतो.

इतर देशांतल्या आपल्या मैत्रिणींनाही दोन शब्द सांगते. व्हँकुव्हरला आणि सिअ‍ॅटलला इथल्यासारखंच हवामान, तिथे चुसान पाम रस्त्याच्या कडेलाही दिसतो. हेच सगळं तिथे लागू. टोरांटोत किंवा शिकागोत मात्र आडोशाशिवाय जमिनीत लावू नका, तिथे मोठी कुंडी आणि हिवाळ्यात गार गॅरेज. स्वित्झर्लंडमध्ये राहत असाल तर चुसान पाम लावूच नका. तिथे दक्षिणेकडच्या टिचीनोमध्ये पक्ष्यांनी बिया पसरवून तो जंगलात घुसला आहे, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून त्याची विक्री कायद्याने बंद आहे. इंग्लंडातही मादी झाडाला निळी-काळी फळं धरली तर पोय कापून टाकावी, हे चांगलं. आपल्या हौसेचा भार शेजारच्या रानावर पडू नये.

मला तुझं मन कळतं गं. परक्या देशात झावळ्यांचं झाड हवंसं वाटणं यात वेड काही नाही. पण माड इथे आणून त्याला तीळतीळ मरताना बघण्यापेक्षा, इथल्या हवेत मजेत जगेल असा पाम दाराशी वाढवणं मला जास्त मायेचं वाटतं. तो माडाएवढा उंच होणार नाही, त्याला नारळ लागणार नाहीत. पण जानेवारीत सगळी बाग उघडीबोडकी असताना तो हिरवा असेल, आणि तू त्या घरात राहशील तोवर तुझ्याबरोबर वाढत राहील.

तेव्हा यंदा एवढंच कर. मे महिन्यात एक छोटा वॅगी घे, घराच्या उबदार बाजूला उंचवट्यावर लाव, उन्हाळाभर पाणी दे आणि पहिला हिवाळा लक्ष ठेव. दुसऱ्या हिवाळ्यापासून नेहमीच्या थंडीचं त्याचं तो बघेल. काही अडलं तर मला विचार, पण मे चुकवू नकोस.